खाडा पडू नये म्हणून

लातुरात पहाटे फिरायला निघायचं म्हणजे बाईला आधी पाण्याचा हिशेब करावा लागतो. घाम आला की अंघोळ आली, अंघोळीला बादली आली, आणि घामेजलेले कपडे रोजच्या रोज धुण्यात आले. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात व्यायामाचा हा खर्च घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. व्यायामावर मी पुष्कळ वाचलं आहे. बूट कसे घ्यावेत, पाणी किती प्यावं, सकाळी उठल्यावर काय खावं, सगळं त्यात असतं. फिरून आल्यावर अंगावर घ्यायला पाणी कुठून आणायचं, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून मी माझं लिहिते आहे.

मी बँकेत नोकरी करते. आधी लातुरात होते, मग बदली होऊन नांदेडला आले. दिवसभर खुर्ची, समोर संगणक आणि काउंटरपलीकडे रांग. आईला मधुमेह होता. तिच्या पायाची जखम कितीतरी महिने भरत नव्हती आणि तिचं ड्रेसिंग मीच करत असे. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर एका शिबिरात माझी साखर काठावर निघाली, तेव्हा मला वेगळी भीती घालायची गरज कुणाला पडली नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. म्हणाले, "रोज अर्धा तास भरभर चाला. एखाद्या दिवशी नाही जमलं तर नाही जमलं. पण सलग दोन दिवसांच्या वर खाडा पडू देऊ नका."

दोनच दिवस का, ते त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि मला ते पटलं. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही. थांबल्यावरही काही काळ ते इन्सुलिनला चांगली दाद देत राहतात. पण हा गुण एक-दोन दिवस टिकतो आणि ओसरतो. म्हणजे साखरेपुरतं तरी रविवारी दोन तास चालून आठवड्याची बेगमी होत नाही. रोजचं रोज करावं लागतं.

आणि हे रोजचं रोजच अवघड आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेली एक मोठी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात महाराष्ट्रही होता. पाहणीतले एकूण ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते आणि मोकळ्या वेळात मुद्दाम व्यायाम करणारे तर दहा टक्क्यांच्याही आत होते. पुढे २०२२ सालच्या स्थितीचा जो अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला, त्यात भारतातल्या ४२ टक्के पुरुषांची हालचाल अपुरी होती आणि बायकांच्या बाबतीत तोच आकडा ५७ टक्के होता. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे पहाटे पाच ते सात हा वेळ बाईचा नसतोच. पाणी भरायचं, चहा ठेवायचा, डबे करायचे, कुणाची तरी शिकवणी सहाला असते, कारण लातूरची पोरं उजाडायच्या आधी वह्या घेऊन रस्त्यावर आलेली असतात. त्यातून बाईने अर्धा तास मागायचा म्हणजे कुणाचं तरी काहीतरी अडतं. आमच्या घरी ह्यांनी स्वतःचा चहा स्वतः करायला सुरुवात केली. ते लहान दिसतं, पण त्यावाचून माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नसतं.

तरीही एकटीने मी फार दिवस चालू शकले नसते. अंधार, कुत्री, आणि दुधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नजरा. शेजारच्या घरात अक्का राहत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या. त्यांना कुत्र्यांची भीती, मला अंधाराची. दोघींनी मिळून जायचं ठरलं. अक्का साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालत, हातात काठी. पाच वाजता आमच्या फाटकाच्या लोखंडावर काठी वाजे. पहिल्याच आठवड्यात एकदा मी खिडकीतूनच म्हणाले, "अक्का, आज राहू द्या." त्या तिथूनच म्हणाल्या, "मी उभी हाय. यायचं नसलं तर तसं सांग, पर बाहेर येऊन सांग."

बाहेर येऊन सांगायचं म्हणजे उठायचं, केस बांधायचे, कडी काढायची. एवढं केल्यावर नाही म्हणायला तोंड उरत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या चालण्यामागे जे काही आहे ते अक्कांच्या त्या वाक्यात आहे, असं मी मानते. माझी इच्छा किती आहे हे त्यांनी कधी विचारलंच नाही. त्या येऊन उभ्या राहिल्या, बस.

आम्ही गंजगोलाईपर्यंत जात असू. ज्यांनी गोलाई दिवसा पाहिली असेल त्यांना पहाटेची ओळखू येणार नाही. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात तिथे दुपारी पाय ठेवायला जागा नसते. पहाटे मधल्या जगदंबेच्या देवळाभोवती ती सगळी गोल जागा मोकळी पडलेली असते. खेड्यांतून भाजी घेऊन आलेल्या बाया गोणपाट अंथरत असतात, एखाद्या टपरीवर पहिला चहा उकळत असतो. आम्ही गोलाईला फेऱ्या मारायचो. अक्का फेऱ्या मोजत नसत, त्या बोलत असत. शाळेतल्या गोष्टी, १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटेची किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट, त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये भरवलेल्या वर्गांची गोष्ट. एखादी गोष्ट अर्धी राहिली की दुसऱ्या दिवशी ती ऐकायला जावंच लागे.

२०१६ च्या उन्हाळ्यात हे सगळं मोडायला आलं. मांजरा धरण आटलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली गेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. सगळ्या देशाने ते चित्र पाहिलं. पण रेल्वेतलं पाणी आमच्या गल्लीतल्या टिपाडात पडेपर्यंत मध्ये किती टाक्या, किती टँकर, किती दिवस जायचे, ते गल्लीतल्या बायांनाच माहीत.

त्या दिवसांत घाम गाळायला बाहेर जाणं हे उघडउघड चैनीचं दिसत होतं. सासूबाई बोलल्या नाहीत, पण बादलीकडे बघत. मी अक्कांना म्हणाले, पाऊस पडेपर्यंत थांबू या. त्यांनी विचार करून सांगितलं, की थांबायचं नाही, बदलायचं. वेळ पाचवरून साडेचारवर आणली. वेग कमी केला, अंतर कमी केलं, म्हणजे घाम फुटायच्या आत घर. चालायची म्हणून एक सुती साडी ठरवून टाकली. आल्यावर ती दोरीवर वाऱ्याला टाकायची आणि दुसऱ्या दिवशी तीच नेसायची. तांब्याभर पाण्यात पंचा बुडवून अंग पुसायचं. पंचा पिळून निघालेलं पाणीही मोरीत जात नसे, ते संडासाच्या बादलीत जाई.

टँकरच्या दिवशी तर आणखी वेगळं. आमच्याकडे रांगेत माणूस उभं राहत नाही, घागरी उभ्या असतात. रात्रीच कुणीतरी आपली घागर, कळशी, तेलाचा डबा ओळीने लावून ठेवतं आणि ती जागा सगळे मानतात. पण घागरीवर लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा अक्का आणि मी त्या घागरींच्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो. परत फिरायचो, पुन्हा चालायचो. टँकर उशिरा आला तर चालणं जास्त होई. एक बाई म्हणाल्या, "इथं पाणी वाहून कंबर मोडलीय आन्‌ ह्यांना फिरायचं सुचूलालंय." मी त्यावर बोलले नाही, कारण त्या म्हणत होत्या ते खरं होतं. कंबर सगळ्यांचीच मोडली होती. जाऊबाई शेतात दिवसभर खुरपतात, त्याही मला हेच विचारतात, की आम्हाला कशाला गं व्यायाम. त्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही आणि उत्तर द्यायचा अधिकारही मला नाही. पण दोन घागरी उचलून जिना चढणं आणि मोकळ्या हातांनी चालणं यांत मला फरक जाणवत होता. घागरीने एकच खांदा भरून येई, श्वास अडके. चालताना श्वास मोकळा होई. त्या उन्हाळ्यात दिवसातला तेवढाच वेळ असा होता की ज्यात माझ्या डोक्यात पाणी नसे.

खाडा पडू न देण्याची अशीच रीत मी आधी वडिलांच्या तालमीच्या गोष्टींत ऐकली होती. आमचं गाव निलंगा तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरलाच झालेल्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७२ साली रुस्तम-ए-हिंद. त्यांच्यामुळे आमच्या भागातल्या गावागावांत पोरं लंगोट बांधू लागली होती, असं वडील सांगत. ते स्वतः काही मोठे पैलवान नव्हते. पण तालमीत खाडा का पडत नसे, हे त्यांनी मला फार छान सांगितलं होतं. प्रत्येकाची जोड ठरलेली. तू आला नाहीस तर तुझ्या जोडीचा पोरगा नुसता बसून राहणार. वस्ताद मग दुसऱ्या पोराला तुझ्या घरी पाठवणार, आणि तो पोरगा आईसमोर विचारणार, "कामून आला न्हाई?" आखाड्याची माती उकरायची पाळीही लावलेली असे. ज्या दिवशी तुझी पाळी, त्या दिवशी तू आला नाहीस तर कुणाचीच कुस्ती होणार नाही. लातूरजवळच्या साई गावचे काका पवार पुढे पुण्यात वस्ताद झाले. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आमच्या लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. जिंकला सदगीर, पण दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. ती कुस्ती बघताना मला वडिलांच्या त्या जोडीच्या गोष्टी आठवत होत्या.

लोक हुरूप हवा म्हणतात. हुरूप मला वाईट वाटत नाही, पण तो कशावर तरी येतो आणि ते संपलं की जातो. हे मी तुळजापूरच्या वाटेवर पाहिलं. कोजागरीला आमच्याकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. लातूरहून हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका वर्षी गल्लीतल्या बायांनी जायचं ठरवलं आणि श्रावणापासून आमच्याबरोबर चालायला कितीतरी जणी येऊ लागल्या. रस्ता भरून जायचा. अंतर हळूहळू वाढवलं, पायाला फोड येऊ नयेत म्हणून कुणी खोबरेल लावलं, कुणी जुने मोजे घातले. औशाच्या पुढे पहाटेचा गार वारा, दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी, जागोजागी लोकांनी मांडलेला चहा आणि खिचडी. आई राजा उदो उदो म्हणत माणसं चालतच असतात. तिथे कुणाला थकायला होत नाही. मंदिराच्या पायऱ्या उतरताना माझ्या शेजारची बाई रडत होती.

परत आल्यावर सोमवारी पहाटे फाटकाशी अक्का होत्या. मी होते. बाकी कुणी नव्हतं. दिवाळी आली, मग वेळ अमावस्येला सगळे शेतात गेले, आंबील आणि भज्जी झाली, आणि त्या बाया पुन्हा चालायला आल्या नाहीत. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. देवीला जायचं होतं, देवीला जाऊन आल्या. पण त्यानंतरच्या सोमवारी कुणी कुणाच्या दाराशी उभं राहायचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

२१ दिवस केलं की सवय लागते, असं आमच्या ऑफिसातल्या पोरांनीही ऐकलेलं असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये याचा खरोखर अभ्यास झाला, ९६ जणांवर. कुणाची सवय १८ दिवसांत बसली, कुणाची बसायला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधोमधचा आकडा ६६. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. हे वाचून मला धीर आला. आमच्याकडे लग्नसराई आहे, महालक्ष्म्या आहेत, मार्चअखेर आहे. खाडा पडणारच.

नांदेडला आले तेव्हा मात्र मोठा खाडा पडला. नवं घर, नवी शाखा, आणि फाटकावर काठी वाजवणारं कुणी नाही. अक्का फोनवर विचारत. पण फोनवरच्या माणसासाठी बाहेर येऊन सांगावं लागत नाही. घर गुरुद्वाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. गल्लीत एक शीख माताजी राहत, सत्तरीच्या. मी साखरेचं सांगितलं आणि उद्यापासून सुरू करते म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "कल से क्यों बेटा? खाना खा के आज ही चलो." रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. जेवणानंतरचं थोडं चालणंसुद्धा साखर फार चढू देत नाही, हे मला माहीत होतं. माताजींना ते माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांना फक्त सोबत हवी होती.

माताजींनीच मला घागरीचं सांगितलं. सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीवरून घागरीने पाणी आणतात, तख्त साहिबच्या स्नानासाठी. थंडी असो, पूर असो. पिढ्यान्‌पिढ्या हे चुकलेलं नाही. मी लातूरची, घागर म्हटल्यावर मला टँकरची रांगच आठवते. पण ज्याची सेवा आहे त्याला रोज सकाळी आज जावं की नाही हा प्रश्नच पडत नसेल, हे ऐकून मी बराच वेळ त्याच विचारात होते. सेवा लावून दिलेली आहे, पाणी पोचायचं आहे आणि आत लोक थांबलेले आहेत. माझं चालणं तेवढं मोठं नाही. तरी कुणीतरी थांबलेलं असणं, एवढं त्यातून घेता येतं.

पुढे गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी मिळाल्या आणि पहाटेचं चालणं सुरू झालं, गोवर्धन घाटाच्या बाजूला. लातूरहून आलेल्या माणसाला गावाशेजारी एवढी मोठी नदी असणं हेच अपूर्वाईचं. उन्हाळ्यात नाल्यांचा वास येतो तेव्हा आम्ही वाट बदलतो. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि कडेची काळी माती बुटाला अशी धरते की पाय उचलवत नाही. त्या दिवसांत एकीच्या बैठकीच्या खोलीत सतरंज्या टाकून सूर्यनमस्कार घालतो. माताजी खुर्चीवर बसून हात वर-खाली करतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, रात्री नऊलाही डांबर तापलेलं असतं, तेव्हा सगळं पहाटे साडेचारवर येतं. लॉकडाऊनमध्ये आपापल्या गच्चीवर चालायचो. गच्च्या जवळजवळ असल्यामुळे कोण आलं, कोण नाही ते दिसायचं आणि हाका मारता यायच्या.

साखर काठावरच आहे. पुढे गेलेली नाही आणि गोळी सुरू झालेली नाही. यात चालण्याचा वाटा किती आणि खाण्याचा किती ते मला सांगता येणार नाही. गुडघा थंडीत कुरकुरतो, झोप मात्र चांगली लागते.

यंदा आमच्या गल्लीतल्या बायांनी माहूरला जायचं काढलं आहे, रेणुकामातेच्या पायऱ्या न थांबता चढायच्या म्हणून. पंधरवड्यापासून नव्या सहा-सात जणी येऊ लागल्या आहेत, रस्ता पुन्हा भरला आहे. त्यांना मी तुळजापूरच्या वेळचं सगळं सांगितलं. मग जीप ठरवायच्या आधी आम्ही कागद घेऊन बसलो आणि माहूरहून परत आल्यावरच्या दिवसाच्या जोड्या लावल्या. कोणी कुणाच्या दाराशी जायचं, किती वाजता, सगळं लिहिलं. माझ्या जोडीला कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून आली आहे. तिला उठायला जड जातं, असं तिने आधीच सांगून ठेवलं आहे. मी तिला म्हणाले, नसलं यायचं तर सांग, पण बाहेर येऊन सांग.